बालसमूहकला व कलोपचार

मानसिक आघात, शोक, भय किंवा दीर्घ आजार यांतून जाणाऱ्या मुलांनी एकत्र येऊन सार्वजनिक जागी भित्तिचित्र, भूमिचित्र, मातीकाम अथवा तत्सम कलाकृती निर्माण करणे आणि त्या निर्मितीचा त्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी हेतुपूर्वक उपयोग करून घेणे, या पद्धतीस बालसमूहकलोपचार म्हणता येईल. कलोपचार ही संज्ञा विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. मुलांच्या सामूहिक कलेची परंपरा मात्र तीहून पुष्कळ जुनी आहे. या पद्धतीत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : निर्मिती मुलांची असते, ती एकट्या मुलाची नसून गटाची असते आणि ती गावाच्या किंवा वस्तीच्या नजरेसमोर होते. चित्रकला-स्पर्धा व शालेय सजावट यांहून हा प्रकार भिन्न आहे. स्पर्धेत चित्राचा दर्जा पाहिला जातो, सजावटीत जागेची शोभा पाहिली जाते. येथे चित्र काढणारे मूल हाच विचाराचा विषय असतो. प्रत्यक्ष इतिहासात हा भेद नेहमीच पाळला गेला असे नाही. मुलांच्या चित्रांची गरज मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक भासल्याची उदाहरणे वारंवार आढळतात. त्यामुळे या पद्धतीचा इतिहास पाहताना, चित्र कोणासाठी काढले गेले, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारात घ्यावा लागतो.

लोकपरंपरेतील पूर्वरूपे : महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात मुलांना सार्वजनिक जागी काही घडविण्याची मुभा वर्षातून अनेकदा मिळत आली आहे. आश्विनात सूर्याच्या हस्त नक्षत्रातील प्रवेशापासून मुली हादगा किंवा भोंडला मांडतात. पाटावर अथवा भिंतीवर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरण्याची रीत प्रसिद्ध आहे. विदर्भात आणि त्यास लागून असलेल्या मराठवाड्याच्या उत्तर भागात हीच जागा भुलाबाई घेते. नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुका पैनगंगेच्या काठी, मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवर वसलेला असल्याने अशा दुहेरी संस्कारांचा प्रदेश म्हणून त्याच्याकडे पाहता येते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मातीची भुलाबाई व भुलोजी मांडून मुली संध्याकाळी घरोघर गाणी म्हणतात आणि अखेरीस मूर्तींचे विसर्जन करतात. श्रावणी अमावास्येच्या पोळ्यास मुले मातीचे बैल घडवितात, दिवाळीत अंगणांत शेणाच्या गवळणी व पांडव मांडले जातात. पश्चिम महाराष्ट्रात विशेष रूढ असलेला दिवाळीचा किल्ला तर संपूर्णपणे मुलांचाच असतो. दगड, माती व गोणपाट यांनी डोंगर रचणे, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवणे, मावळे मांडणे, ही सर्व कामे आळीतील मुले वाटून घेतात आणि किल्ला येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसेल अशा जागीच उभारतात.

या रीतींचा हेतू उपचाराचा नाही. व्रत, ऋतू व करमणूक यांतून त्या आलेल्या आहेत. तरीही उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची ठरलेली काही लक्षणे त्यांत आढळतात. साहित्य घराजवळचे व फुकटचे असते, कामात लहानमोठ्यांना आपापली जागा असते, पाहणारे लोक ओळखीचे असतात आणि गुण देणारा कोणी नसतो. शिवाय यांतील बहुतेक निर्मिती टिकविण्यासाठी नसते. भुलाबाई पाण्यात जाते, रांगोळी पुसली जाते, किल्ला पुढल्या पावसापर्यंत विरतो. मांडणे आणि मोडणे ही दोन्ही कामे मुलांच्याच हातची असतात. भुलाबाईच्या अनेक गाण्यांतून सासर, माहेर, रुसवा आणि ताटातूट हे विषय येतात. मुलींना पुढील आयुष्यातील ज्या गोष्टींचे भय वाटावे, त्या गोष्टी येथे खेळाच्या आडोशाने व सर्वांदेखत बोलून दाखविता येतात.

बालचित्राचा शोध : मुलाचे चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची अपुरी नक्कल, अशी समजूत यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होती. ती मोडून काढण्यात फ्रांट्स चिझेक (१८६५–१९४६) या ऑस्ट्रियन कलाशिक्षकाचा मोठा वाटा आहे. बोहीमियातील लाइटमेरिट्स (चेक नाव लिटोमेरझित्से) येथे जन्मलेल्या चिझेकने १८९७ साली व्हिएन्ना येथे मुलांसाठी कलावर्ग उघडला. नमुने गिरविण्याची सक्ती न करता मुलांना त्यांच्या मनातील विषय हाताळू देणे, हे त्याचे सूत्र होते. पहिल्या महायुद्धानंतर त्याच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९२० साली लंडन येथे भरले आणि त्याचे उत्पन्न ऑस्ट्रियातील मुलांच्या साहाय्यनिधीस देण्यात आले. मुलांची चित्रे जनमानसात करुणा जागवू शकतात, हे या प्रदर्शनाने दाखविले. त्याचबरोबर मदत गोळा करण्याचे साधन म्हणून त्या चित्रांचा उपयोग होण्यासही येथूनच आरंभ झाला.

याच सुमारास बालचित्राकडे मोजमापाचे साधन म्हणूनही पाहिले जाऊ लागले. फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९२६ मध्ये मनुष्याकृतीच्या रेखाटनावरून मुलाची बुद्धिमत्ता अजमावण्याची कसोटी प्रसिद्ध केली. भारतीय मुलांसाठी या कसोटीचे प्रमाणीकरण प्रमिला फाटक यांनी केले. अशा कसोट्यांत चित्र हा पुरावा असतो. उपचारात चित्र काढण्याची क्रिया महत्त्वाची असते आणि हा भेद पुढील काळात अधिकाधिक स्पष्ट होत गेला.

युद्धकालीन अनुभव : स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६–३९) बॉम्बवर्षावापासून दूर हलविलेल्या मुलांच्या वसाहतींत शिक्षकांनी मुलांना चित्रे काढण्यास प्रवृत्त केले. विमाने, पडणारी घरे आणि पळणारी माणसे हे त्या चित्रांचे नित्याचे विषय होते. यांतील ६० चित्रांचा संग्रह ऑल्डस हक्सली यांच्या प्रस्तावनेसह १९३८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. येथेही मुलांचे सांत्वन आणि प्रजासत्ताक पक्षासाठी सहानुभूती मिळविणे, हे दोन हेतू एकमेकांत मिसळलेले होते.

या विषयाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण चेकोस्लोव्हाकियातील टेरेझीन येथील बंदिवसाहतीचे आहे. हे गाव चिझेकच्या जन्मगावापासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस (१८९८–१९४४) ही व्हिएन्नाची चित्रकर्ती चिझेकच्या वर्गात आणि पुढे योहानेस इटेनच्या हाताखाली शिकली होती. बौहाउस या प्रख्यात कलाविद्यालयातही तिचे शिक्षण झाले होते. डिसेंबर १९४२ मध्ये नाझी राजवटीने तिला टेरेझीन येथे पाठविले. तेथील बालगृहांत तिने शेकडो मुलांना चित्रकला शिकविली. कागद दुर्मिळ असल्याने कार्यालयातील रद्दी, छापील अर्ज व वेष्टनाचे तुकडे यांवर काम चाले. भीषण प्रसंग रेखाटण्याचा आग्रह तिने धरला नाही. लय, रंग, वस्तूंचे निरीक्षण, कागद कातरून चिकटविणे अशा अभ्यासांतून मुलांचे चित्त एकाग्र करणे आणि त्यांना स्वतःच्या हातावर विश्वास ठेवण्यास शिकविणे, अशी तिची पद्धत होती. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव घालावे, याबद्दल मात्र ती आग्रही होती. ज्या वसाहतीत माणसाची ओळख वाहतुकीच्या यादीतील क्रमांकापुरती उरली होती, तेथे या आग्रहाचा अर्थ सहज ध्यानात येतो.

ऑक्टोबर १९४४ मध्ये तिची रवानगी आउश्‌व्हिट्स येथे झाली व तेथे ती मारली गेली. जाण्यापूर्वी तिने मुलांची सु. ४,५०० चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवली होती. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये ती प्रागच्या ज्यू समाजाकडे सुपूर्त करण्यात आली व आता तेथील ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रे काढणारी बहुसंख्य मुले वाचली नाहीत. चित्रांवरील नावांमुळेच त्यांतील अनेकांची ओळख पुढे पटविता आली.

टेरेझीनचीच दुसरी बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. हान्स क्रासा या संगीतकाराची ‘ब्रुंडिबार’ ही मुलांची संगीतिका तेथे सप्टेंबर १९४३ पासून बंदिवान मुलांनी अनेकदा सादर केली. मुलांना तिने धीर दिला, असे त्यांतील वाचलेल्यांनी सांगितले आहे. परंतु २३ जून १९४४ रोजी रेडक्रॉसचे प्रतिनिधी पाहणीसाठी आले, तेव्हा वसाहत सुखी असल्याचा देखावा उभा करण्यासाठी नाझी अधिकाऱ्यांनी याच संगीतिकेचा उपयोग करून घेतला. बालसमूहाची कला एकाच वेळी मुलांचा आधार आणि जुलूम करणाऱ्यांचा पडदा ठरू शकते, हे यावरून दिसून येते.

कलोपचारशास्त्राची स्थापना : कलोपचार ही संज्ञा एड्रिअन हिल (१८९५–१९७७) या इंग्रज चित्रकाराने १९४२ मध्ये योजिली. क्षयरोगावरील उपचारासाठी १९३८ मध्ये आरोग्यधामात असताना चित्रे काढल्याने रुग्णाच्या मनास येणारी उभारी त्याने स्वतः अनुभवली होती. या विषयावरील त्याचा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत मार्गारेट नाउमबर्ग (१८९०–१९८३) हिने न्यूयॉर्क राज्याच्या मनोरुग्ण संस्थेत १९४१ पासून वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या मुक्त चित्रांचा अभ्यास केला. चित्र ही नेणिवेची भाषा असून तिच्यावरील संवादातून उपचार घडतो, असे तिचे मत होते. फ्रीडल डिकर-ब्रांडाइसची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर (१९१६–२०१४) हिने वेगळी भूमिका घेतली. प्रागमधील निर्वासित मुलांबरोबर फ्रीडलने केलेले काम तिने जवळून पाहिले होते. १९३८ मध्ये अमेरिकेस गेल्यावर १९५० ते १९५७ या काळात तिने विल्टविक येथील मुलांच्या निवासी शाळेत काम केले व त्यावरील ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. भावनेला कलेचा घाट देण्याची क्रियाच उपचारक असते, तिचा उलगडा शब्दांत करण्याची नेहमीच आवश्यकता नसते, असे तिचे प्रतिपादन आहे. समूहकलेस क्रेमरची भूमिका अधिक जवळची आहे, कारण भिंतीसमोर उभ्या असलेल्या दहा मुलांच्या चित्रांचे मनोविश्लेषण करणे शक्यही नसते व उचितही नसते. ब्रिटनमध्ये १९६४ साली व अमेरिकेत १९६९ साली कलोपचारकांच्या राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या.

सार्वजनिक भिंतीकडे : रुग्णालय व निवासी शाळा यांच्या चार भिंतींत वाढलेली ही पद्धत विसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात रस्त्यावर व वस्तीत आली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागात लिली ये या चिनी वंशाच्या चित्रकर्तीने १९८६ साली एका ओसाड भूखंडावर काम सुरू केले, तेव्हा तिचे पहिले साहाय्यक त्या वस्तीतील मुलेच होती. पडक्या जागांवर रंगीत काचफरश्यांची शिल्पे व भित्तिचित्रे उभी राहिली आणि पुढे त्यातून वस्तीसुधारणेची एक कायम संस्था निर्माण झाली. १९९५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीस पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, जपानी कार्यकर्त्यांनी ‘किड्स गेर्निका’ हा प्रकल्प आरंभिला. पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्राएवढ्या, म्हणजे ३.५ × ७.८ मी. आकाराच्या कापडावर मुलांनी मिळून शांततेचे चित्र काढावे, अशी त्याची योजना आहे. अनेक देशांतील मुलांनी त्यात भाग घेतला आहे. एवढा मोठा पट एकट्या मुलाच्या आवाक्यात नसतो. त्यामुळे विषय, जागा व रंग यांविषयी मुलांना आपसांत बोलणी करावीच लागतात. मुलांच्या अशा सहभागास संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने आधार दिला. तिच्या एकतिसाव्या अनुच्छेदात विश्रांती, खेळ आणि कलाजीवनातील सहभाग हे मुलाचे हक्क मानले आहेत. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

भारत : भारतात मुलांच्या कलेचा विचार प्रथम शिक्षणाच्या अंगाने झाला. शांतिनिकेतनच्या परिसरात रवींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांनी भित्तिचित्रे, उत्सवांची सजावट व आल्पना यांना शिक्षणात स्थान दिले. तेथे शिकलेले देवी प्रसाद (१९२१–२०११) हे १९४४ पासून १९६२ पर्यंत वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक होते. हर्बर्ट रीड यांच्या १९४३ मधील ग्रंथाने मांडलेला कलाद्वारे शिक्षणाचा विचार आणि गांधीजींचा हस्तव्यवसायप्रधान शिक्षणाचा विचार यांची सांगड त्यांनी घातली. निर्मितीची संधी मिळालेल्या मुलाच्या मनातील आक्रमक वृत्ती विधायक वाटेस लागते आणि म्हणून कला हा शांततामय समाजाचा पाया आहे, असे त्यांचे मत होते. ठाणे जिल्ह्यात (आता पालघर जिल्हा) बोर्डी व पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी व कुरणशाळा चालविल्या. मुलाला शाळेत आणण्याऐवजी शाळाच त्याच्या अंगणात व गुरांच्या कुरणावर नेणे आणि माती, बिया, पाने, शिंपले यांचेच शिक्षणसाहित्य करणे, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

याच डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. लहानपणी आई वारल्यावर त्यांनी काही वर्षे बोलणे सोडले होते व त्या काळात ते धुळीत चित्रे काढून आपले मनोगत कळवीत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. वारली समाजात लग्नचौक लिहिण्याचा मान परंपरेने सुवासिनींचा होता. त्या चौकटीबाहेर एका मूक मुलाने स्वतःसाठी चित्रभाषा घडविली आणि गावाने ती चालू दिली. भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी १९७० नंतरच्या दशकात वारली चित्रकला बाहेरच्या जगापुढे आली. म्हसे तिचे सर्वांत ख्यातनाम चित्रकार ठरले व २०११ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. त्यांच्या बालपणी उपचारक नव्हता. जमीन, काठी आणि समजून घेणारी वस्ती एवढेच होते.

दुसरीकडे स्पर्धा व परीक्षा यांची चौकट भक्कम होत गेली. व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळै (१९०२–८९) यांनी १९४९ साली सुरू केलेल्या बालचित्रस्पर्धेस लवकरच आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. महाराष्ट्रात कला संचालनालयातर्फे (स्थापना १९६५) घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा शालेय चित्रकलेचा कणा बनल्या. त्यांमुळे ग्रामीण मुलांनाही रेखनाचे शिस्तबद्ध शिक्षण मिळाले, हे निर्विवाद आहे. मात्र चित्र म्हणजे गुण मिळविण्याचा विषय, ही समजूतही त्यांनी दृढ केली. ज्याचा हात चांगला नाही, त्याने चित्र काढू नये, असे मानणारी मुले उपचाराच्या वर्गात प्रथम कागदाला हात लावावयास कचरतात; त्याचे मूळ पुष्कळदा या समजुतीत असते.

मराठवाड्यातील भूकंप व नंतर : लातूर व उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी असल्याने गावे गणेशविसर्जन आटोपून झोपी गेली होती. सु. ६.२ परिमाणाच्या या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडमातीच्या भिंती व त्यांवरील मातीची माळवदे कोसळल्याने हानी वाढली. पोरक्या व निराधार झालेल्या मुलांपैकी सुमारे १,२०० मुलांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था भारतीय जैन संघटनेने पुणे येथे केली. शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने व्यापक पुनर्वसन-कार्यक्रम हाती घेतला आणि सर्वाधिक हानी झालेली पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसविली.

बालमनाच्या दृष्टीने या आपत्तीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. येथे माणसे मारली ती घराच्या भिंतींनी. मुलाला जी भिंत आडोशाची, सारवण्याची व चित्र काढण्याची म्हणून ठाऊक होती, तीच त्याच्या घरावर पडली. नवी गावे रुंद रस्त्यांची व चौकोनी आखणीची झाली. ती अधिक सुरक्षित होती. तथापि वाडे, गल्ल्या व एकमेकांस लागून असलेली अंगणे त्यांत उरली नाहीत आणि नातलगांची घरे दूरदूर गेली. हादगा, भुलाबाई, किल्ला यांसारखी मुलांची समूहनिर्मिती आळीच्या जवळिकीवर अवलंबून असते. पुनर्वसनाच्या आराखड्यात घर, रस्ता व शाळा यांची मोजदाद होते. मुलांनी मिळून काही मांडावे अशा जागेची गणना होत नाही. वस्तुतः नव्या गावातील कोऱ्या भिंती मुलांच्या हाती देणे म्हणजे भिंतीशी तुटलेला त्यांचा विश्वास पुन्हा जोडणे होय. आपत्तीनंतरच्या पुनर्वसनात समूहकलेचा विचार करावयाचा तो या कारणासाठी.

ओरिसातील १९९९ चे चक्रीवादळ, गुजरातमधील २००१ चा भूकंप व २००४ ची त्सुनामी या आपत्तींनंतर बंगळूरु येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने (निम्हान्स) स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन मुलांसाठी चित्रे, माती, बाहुल्या, मुखवटे व गोष्टी या माध्यमांचा उपयोग केला. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या तुटपुंजी असलेल्या देशात शिक्षक व अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्या द्वाराच असे काम होऊ शकते, ही जाणीव त्यातून दृढ झाली. आपत्ती एका पहाटेच येते असेही नाही. हदगावसारख्या कोरडवाहू शेतीच्या भागांत नापिकी, कर्ज, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर आणि घरातील कर्त्या पुरुषाची आत्महत्या, ही मुलांवरील आघातांची सावकाश येणारी रूपे आहेत. त्यांची वार्ता होत नाही आणि त्यांच्यासाठी मदतीचे तंबूही उभे राहत नाहीत. अशा मुलांपर्यंत पोचणारी सर्वांत जवळची सार्वजनिक जागा म्हणजे गावातील शाळा होय.

महाराष्ट्रातील ग्रामीण शाळांत ‘बोलक्या भिंती’ आता परिचित झाल्या आहेत. सोलापूरच्या नीलमनगर भागात २०२० साली शाळा बंद असताना घरांच्या बाहेरील भिंतींवर पाठ रंगविण्यात आले, तो प्रयोग प्रसिद्ध आहे. परंतु अशा भिंती बहुधा शिक्षक किंवा पगारी रंगारी रंगवितात. मुले त्या वाचतात. शिक्षणाच्या दृष्टीने त्यांची उपयुक्तता मान्य करूनही कलोपचार व या भिंती यांत गल्लत करू नये. बोलकी भिंत मुलाशी बोलते. कलोपचारात मुलाने भिंतीशी बोलावयाचे असते.

कार्यपद्धती : सामान्यतः आठ ते दहा मुलांचा गट काही आठवडे ठराविक दिवशी व ठराविक वेळी एकत्र येतो. ही नियमितताच आघाताने विस्कटलेल्या मुलास पहिला आधार देते. आरंभी प्रत्येकास स्वतंत्र कागद किंवा मातीचा गोळा देतात. नंतर दोघादोघांचे व शेवटी सर्वांचे समाईक चित्र घेतले जाते. भिंतीवर काम सुरू करण्यापूर्वी तिची जागा व विषय मुलेच ठरवितात. गेरू, चुना, कोळसा, हळद व शेण हे साहित्य खेड्यात सहज मिळते आणि त्याच्या वापराने काम घरच्या सारवणाशी व रांगोळीशी जोडले जाते. मार्गदर्शकाने चित्र सुधारू नये, त्याचा अर्थ सांगू नये आणि झालेला प्रसंगच काढण्याचा आग्रह धरू नये, असा संकेत आहे. मूल पडलेले घर काढील किंवा सलग महिनाभर आंब्याचे झाडच काढील. दोन्ही मार्ग त्याचेच असतात.

या पद्धतीचा परिणाम तीन प्रकारे होतो, असे मानले जाते. मनातील अनुभव बाहेर, डोळ्यांपुढे येतो व त्याकडे थोड्या अंतरावरून पाहता येते. ज्याच्या हातून सर्व काही निसटले, त्यास निदान रंग व रेषा यांवर ताबा मिळतो. तिसरा परिणाम समूहाचा असतो. शेजारच्या मुलाच्या चित्रातही तेच भय दिसल्याने आपण एकटे नाही हे मुलास कळते आणि गावातील लोक भिंतीपुढे थांबतात, तेव्हा त्याच्या दुःखास साक्षीदार लाभतो.

मर्यादा व आक्षेप : या पद्धतीच्या परिणामांविषयी नियंत्रित स्वरूपाचे संशोधन थोडे असून त्यांतील पाहण्याही लहान गटांच्या आहेत. तीव्र नैराश्य, आत्मघाताचे विचार किंवा दीर्घकाळ टिकणारा आघातोत्तर विकार असलेल्या मुलास तज्ज्ञाकडे पाठविणे आवश्यक असते. भित्तिचित्र हा त्यास पर्याय नव्हे. काळा रंग म्हणजे शोक किंवा लहान आकृती म्हणजे न्यूनगंड, असे ठोकताळे शास्त्रीय कसोटीस उतरलेले नाहीत. घडलेला प्रसंग लगेच व सक्तीने आठवावयास लावणे अपायकारक ठरू शकते, म्हणून २००७ मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी एकाच बैठकीत सर्व बोलून घेण्याच्या प्रथेविरुद्ध सल्ला दिला आहे.

चित्राच्या मालकीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. साहाय्यनिधीची पत्रके, संस्थांचे अहवाल व उद्‌घाटनाचे समारंभ यांसाठी मुलांच्या चित्रांना मागणी असते. नाव छापल्यास पीडित म्हणून मुलाची ओळख कायम होण्याचा धोका असतो. नाव वगळल्यास निर्मितीवरील त्याचा हक्क पुसला जातो. टेरेझीनमध्ये नाव घालणे हा मुलाच्या अस्तित्वाचा आधार होता, आजच्या खेड्यात तेच नाव त्याला चिकटलेला शिक्का ठरू शकते. यासाठी चित्र दाखवावे की नाही, त्यावर नाव असावे की नसावे आणि ते किती काळ ठेवावे, याचा निर्णय मुलांना विचारूनच घ्यावा, असे तत्त्व आता मान्य झाले आहे. भिंत पुन्हा चुन्याने सारवून कोरी करण्याचा निर्णयही याच हक्कात मोडतो. महाराष्ट्रातील मुलांना हे नवे नाही. भुलाबाई पाण्यात सोडण्याचा दिवस त्याच ठरवीत आल्या आहेत, आणि पुढील वर्षी ती पुन्हा मांडली जाते.